वाणाची टोपी

बोरामणीकर तात्यांनी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या डोक्याचं माप घेतलं.

मी नुकताच बिऱ्हाड घेऊन नव्या पेठेच्या मागच्या बोळात राहायला आलो होतो. ट्रंका, वळकट्या, पाण्याच्या घागरी सगळं ओट्यावर पडलेलं. आमचं कुटुंब आत चूल मांडत होतं आणि मी, शाळामास्तर असल्यामुळे, बाहेर उभा राहून विचार करत होतो. एवढ्यात शेजारच्या दारातून पन्नाशी उलटलेले, उंच, काटकुळे एक गृहस्थ बाहेर आले. अंगात बंडी, कमरेला पंचा, हातात सुतळी. त्यांनी माझी टोपी उचलून ट्रंकेवर ठेवली, सुतळी कपाळावरून कानांमागून फिरवली, तिला गाठ मारली आणि म्हणाले, "डोकं मोठं आहे. आत काय आहे ते पुढं बघू."

मग त्यांनी नाव, गाव, नोकरी विचारली. आठव्या दिवशी मला एक लोकरीची कानटोपी मिळाली. तेव्हा वैशाख चालू होता.

सोलापुरात थंडी पडते ती किती? मार्गशीर्ष-पौषात पंधरा-वीस पहाटा. बाकीचं वर्ष माणूस घाम पुसत आणि पाण्याची वाट बघत काढतो. अशा गावात बारा महिने कानटोप्या आणि गळपट्टे विणणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या भिंतीपलीकडे राहत होता. मी एकदा त्यांना म्हटलंही, की तात्या, ह्या टोप्या तुम्ही काश्मीरला धाडल्या तर निदान कुणी दुवा तरी देईल. तात्यांनी सुईवरची नजर काढली नाही. "थंडी गावात नसते मास्तर. थंडी कानातून शिरते." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ताप, पडसं, गुडघेदुखी, परीक्षेत नापास होणं, सगळ्याचं मूळ ते कानात नेऊन सोडत.

तात्या म्युनिसिपालिटीच्या जकात नाक्यावर कारकून होते. गावाबाहेर रस्त्यावर एक आडवा बांबू, बाजूला खोली, खोलीत टेबल. मालाच्या गाड्या येत, तात्या उठून माल बघत, पावती फाडत आणि दोन गाड्यांच्या मध्ये विणत. गाडी आली तरी हातातली ओळ पुरी केल्याशिवाय सुया खाली ठेवत नसत. वैरागकडचे गाडीवान हे ओळखून होते. नवखा कोणी कुरकुरला, की जुना गाडीवान त्याला समजावी, "गप की रं. तात्यांची वळ संपू दे. मदी बोललास तर पयल्यापासनं इनाय लागत्यात." असा तासभर खोळंबा झाल्याचं मी स्वतः पाहिलं आहे, आणि गाडीवानांनी बैल सोडून शांतपणे भाकऱ्या खाल्ल्याचंही.

पुरुषमाणूस हे विणकाम शिकला कुठं, असा प्रश्न नव्या माणसाला पडेच. तरुणपणी नाक्यावर गाडीचं चाक त्यांच्या पायावरून गेलं होतं. दोन महिने मिशनच्या दवाखान्यात पडून होते. हात स्वस्थ राहत नसत, पायाच्या पट्ट्या उसवत बसत. तिथल्या नर्सबाईंनी वैतागून त्यांच्या हातात दोन सुया आणि लोकरीचा गुंडा दिला. पाय बरा झाला, तात्या घरी आले आणि त्यांच्या मातोश्रींनी बजावलं, की हा बायकी आणि मिशनचा उद्योग माझ्या घरात चालायचा नाही. मातोश्रींपुढे ब्र काढायची तात्यांची प्राज्ञा नव्हती. सुया माळ्यावर गेल्या आणि बावीस वर्षं तिथंच राहिल्या. मातोश्रींचं वर्षश्राद्ध झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तात्यांनी शिडी लावली. सुया गंजून गेल्या होत्या, पण बोटं काही विसरली नव्हती.

नव्या सुया त्यांनी सायकलच्या चाकाच्या तारा दगडावर घासून केल्या. त्यातल्या दोन तारा माझ्या सायकलच्या होत्या. मागचं चाक आठासारखं फिरायला लागल्यावर मला त्याचा पत्ता लागला, आणि विचारायला गेलो तर त्या दोन तारांवर माझाच गळपट्टा अर्धा विणून झालेला होता. भांडायचं कसं?

आता त्या टोप्यांविषयी खरं ते सांगितलं पाहिजे. त्या टोचत. ते दिवस विलायती मालाच्या होळ्यांचे होते, आणि तात्यांनी परदेशी लोकरीच्या बाबतीत कानाला खडा लावला होता. त्यांची लोकर माळशिरसकडच्या धनगरांची. नाक्यावरून जाता-येता ते धनगर तात्यांना सूत देत. ते घोंगड्यांचं सूत, काळंभोर, राठ, मधेमधे एखादं कुसळ राहिलेलं. त्या सुताचं घोंगडं पाठीवर घेणं वेगळं आणि त्याची टोपी कानांवर ओढून बसणं वेगळं. मी ती टोपी घालून एकदा वर्गावर गेलो, तर तासभर एका हातानं डोकं खाजवत आणि दुसऱ्या हातानं फळ्यावर लिहीत होतो. पावसात भिजली, की तिला कळपाचा वास येई. त्या काळात डोक्यावर कुठली टोपी आहे याकडे पोलिसांचं फार लक्ष असे. एका शिपायानं मला हटकलं आणि माझ्या डोक्यावरच्या काळ्या केसाळ वस्तूकडे बराच वेळ बघून तो म्हणाला, "ही कुठल्या पार्टीची?" मी म्हटलं, "बोरामणीकरांची." त्यानं मान हलवून मला सोडून दिलं. पुढं कळलं, की त्याचंही माप तात्यांकडे होतं.

मापं म्हणजे त्या सुतळ्या. तात्यांच्या पुढच्या खोलीत भिंतभर खिळे ठोकलेले आणि प्रत्येक खिळ्याला एकेका डोक्याची सुतळी. वैद्यबुवा, पोस्टमन इब्राहीमभाई, दूधवाला, कोपऱ्यावरचा शिंपी. शिंप्यालासुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं. चिठ्ठी वगैरे काही नाही, गाठ बघून तात्या माणूस ओळखत. बोळातलं प्रत्येक डोकं त्या भिंतीवर होतं. नव्हतं ते फक्त त्यांच्या घरातलं.

तात्यांच्या घरात दोनच माणसं. तात्या आणि जानकीकाकू. मूलबाळ नव्हतं, आणि त्याविषयी बोलणंही नव्हतं. खरं म्हणजे कशाहीविषयी बोलणं नव्हतं. मातोश्री होत्या तोवर, त्यांच्यासमोर बायकोशी तोंड उघडून बोलणं हा थिल्लरपणा होता, आणि घर दोन खोल्यांचं असल्यामुळे मातोश्री सदैव समोरच असत. त्यामुळे तात्या जे काही बोलायचं ते खुंटीला उद्देशून बोलत. "पाणी तापलं असेल तर बरं होईल." हे खुंटीला. काकू ते ऐकून चुलीला सांगत, "तापलंय केव्हाचं." अशी बावीस वर्षं गेली. मातोश्री गेल्या तरी खुंटी राहिली. भांडण नव्हतं, राग नव्हता, सवय मोडायची कशी हेच दोघांना ठाऊक नव्हतं.

मी शेजारी आल्यावर मात्र खुंटीला सुटी मिळाली. मी त्यांच्याकडे चहाला बसलो, की तात्या म्हणत, "मास्तर, आत विचारा, आमटीत आज मीठ दोनदा पडलं का?" आमटी करणाऱ्या काकू चार हातांवर बसलेल्या. त्या म्हणत, "मास्तर, सांगा, एकदाच पडलंय. जीभ दाखवून घ्या म्हणावं." मी दोन्हीकडचे निरोप इमानेइतबारे पोचवी. कधीकधी मधेच एखादा निरोप मऊ करून सांगे, तर दोघंही माझ्याकडे रागानं बघत. ऐकलेलं असेच ना त्यांनी.

काकूंचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. मराठी आपल्यासारखीच बोलत, पण एखादी गोष्ट ठाम नको असली, की तोंडून कानडी निघे. "बेड." म्हणजे नको. हा शब्द आला, की विषय संपला. भाजीवाली, कासार, वैद्यबुवा, सगळे त्या शब्दाला मान देत.

काकूंचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. थंड वारं लागलं, की ठणका सुरू होई, आणि मग दोन-दोन दिवस त्या कानात गरम तेलाचा बोळा घालून, दातावर दात धरून स्वयंपाक करत. कण्हत नसत. त्या कण्हत नसत म्हणूनच तात्यांना जास्त कळे. डॉक्टरांनी एकदा कान तपासून तात्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, की वारं लागू देऊ नका, आणखी काही हिवाळे असेच गेले तर ऐकू येणं जाईल, आणि एकाचं गेलं की दुसऱ्याचाही भरवसा नाही. ही गोष्ट मातोश्री गेल्यानंतरच्या वर्षातली, म्हणजे शिडी लावली त्याच वर्षातली. मी येण्याच्या बऱ्याच आधीची. मला ती पुढं तात्यांनीच सांगितली, नाक्यावर, विणता विणता.

शिडी लावल्यावर त्यांनी पहिली टोपी विणली ती काकूंसाठी. तेव्हा बहिष्कार सुरू व्हायचा होता, विलायती लोकर मिळत होती. दुकानदाराकडे एकाच रंगाचे गुंडे उरले होते, तेही तांबडे. तात्यांना रंगाशी काय करायचं होतं? मऊ होती, ऊबदार होती, झालं. त्यांनी आठ दिवसांत झकास टोपी विणली, कान झाकतील अशी, हनुवटीखाली बांधायला बंद लावलेली, आणि देवासमोर ठेवून खुंटीला सांगितलं, की ही घालण्यासाठी आहे.

काकूंनी टोपी पाहिली आणि त्या मटकन खाली बसल्या.

वाचकांतल्या जुन्या मंडळींना मी काय सांगतोय ते ध्यानात आलं असेल. नव्यांसाठी सांगतो. आमच्या घरांतून नवरा गेलेल्या बाईचे केस काढत आणि तिला तांबडं आलवण नेसवत. त्याच आलवणाचा पदर ती जन्मभर डोक्यावरून कानांवर ओढून बसे. तात्यांच्या मातोश्री काकूंनी बावीस वर्षं तशाच पाहिल्या होत्या. आणि आता, मातोश्री जाऊन वर्ष होतं न होतं तोच, नवऱ्यानं आपल्या हातानं सवाष्ण बायकोला डोकं झाकायचं तांबडं वस्त्र करून दिलं होतं. काकूंना वाटलं, की हा अपशकुन आहे आणि तो दुसऱ्या कुणाचा नाही, ह्यांच्याच जिवाचा आहे. त्या दिवशी त्यांनी एकच शब्द उच्चारला. "बेड." टोपी चिमट्यानं उचलून चुलीत घातली. लोकर जळल्याचा वास, तात्या मला म्हणाले, दोन्ही खोल्यांतून चार दिवस गेला नाही.

त्यानंतर काकू डोक्यावर रुमालसुद्धा बांधीनात. पदर घ्या म्हटलं तरी नाही. कान ठणकला तर ठणकला, पण धडधाकट नवरा समोर बसलेला असताना डोकं बांधून बसायचं नाही. आणि चूक झाली, रंगाचं माझ्या ध्यानात आलं नाही, एवढं सरळ वाक्य बायकोला सांगायला तात्यांच्या घरात सोय नव्हती. ते खुंटीला सांगण्यासारखं नव्हतं.

हे सांगून झाल्यावर तात्यांनी हातातली ओळ पुरी केली. मग म्हणाले, "म्हणून म्हटलं मास्तर, आधी सगळ्या बोळाला टोप्या घालू. सगळ्यांच्या डोक्यावर दिसायला लागली, की तिलाही तिचं काही वाटणार नाही."

वैद्यबुवा, शिंपी, पोस्टमन, पोलीस शिपाई आणि मी, एवढी माणसं दोन-तीन वर्षं डोकी खाजवत होती ती एका बाईच्या डाव्या कानासाठी. मी त्या दिवसापासून टोपीविषयी तक्रार केली नाही. खाज थांबली असं नव्हे.

पण तात्यांचा बेत चुकत होता, आणि तो कुठं चुकतोय हे मला घरी गेल्यावर आमच्या कुटुंबानं सांगितलं. आमच्या कुटुंबाला मी सगळं सांगतो, न सांगितलं तर ती भिंतीला कान लावते. ती म्हणाली, "पुरुषांनी घातल्या म्हणून काय झालं? पुरुष काहीही घालतात. सवाष्णींनी घातली पाहिजे." आणि भाजी चिरता चिरता पुढं म्हणाली, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी टोप्या लुटते. हळदीकुंकू लावून दिलेलं वाण कुठली सवाष्ण परत करते ते बघू. मात्र टोपी हिरवी हवी. बांगड्यांसारखी हिरवी."

गेली इतकी वर्षं मी त्या बाईला व्याकरण शिकवायचा प्रयत्न करत होतो.

तात्यांना सांगितल्यावर त्यांच्या हातातून टाका सुटला. पण अडचण उभी राहिली, की काळ्या सुतावर हिरवा रंग चढायचा कसा? त्यासाठी पांढरी लोकर हवी. तात्यांनी पायाच्या त्या दुखण्यानंतर पहिल्यांदाच रजा काढली आणि माळशिरसकडे मला बरोबर घेऊन गेले. दिवसभर आम्ही माळावर कळपांच्या मागे हिंडलो. सगळी मेंढरं तात्यांच्या टोपीच्या रंगाची. शेवटी एका म्हाताऱ्या धनगरानं आम्हाला खाली बसवून काय हवंय ते नीट विचारलं. तात्यांनी सांगितलं. तो हसला. "पांढरी हायत की चार-पाच. पर त्येंची लोकर कुनी मागत न्हाय. घोंगडं लवकर मळतंय." मग त्यानं विचारलं, ही कुणासाठी. तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, सांगा त्यांना, घरातल्यांसाठी आहे." मी सांगितलं. म्हाताऱ्यानं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि कोवळ्या कोकरांची लोकर निवडून वेगळी काढून दिली. म्हणाला, "ही लई मऊ हाय. बायमानसाच्या कानाला टोचाय नगं." सूत त्याच्या घरच्या बायकांनीच कातून पाठवलं.

रंगवायचं काम विणकरांच्या वस्तीतल्या मल्लय्यांनी केलं. ते घरात तेलुगू बोलत आणि आमच्याशी मोजकं मराठी. पहिल्या खेपेला सूत शेवाळासारखं निघालं, दुसऱ्या खेपेला पोपटासारखं. तिसऱ्या खेपेला हौदातून काढलं तेव्हा मल्लय्या स्वतःच खूश झाले आणि आपल्या बायकोला हाक मारून तिच्या चुड्याशेजारी ते सूत धरून दाखवलं. रंग तोच होता.

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत तात्यांनी नाक्यावर बारा टोप्या विणल्या. बायकांच्या टोपीत एक भानगड असते, अंबाड्याची. तात्यांनी मागच्या बाजूला अंबाडा बाहेर येण्याइतकं गोल भोक ठेवलं, आणि कपाळाची कड वर घेतली, म्हणजे कुंकू पुसलं जायचं नाही. काकूंचं माप आमच्या कुटुंबानं आणलं. केसांना तेल लावून देते म्हणून गेली आणि सुतळीऐवजी आपल्या वेणीचा गोंडाच फिरवून आली. तयार टोप्या आमच्या ट्रंकेत राहिल्या. आमचे सणाचे कपडे त्या वर्षी धनगरवाड्याच्या वासाचे होते.

त्या मार्गशीर्षात काकूंचा कान फार दुखला. भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज होई आणि मधेच थांबे. तो थांबला, की आमचं कुटुंबही हातातलं काम थांबवी. तात्या आठ दिवसांत निम्मे झाले. एका संध्याकाळी ओट्यावर ते मला एवढंच म्हणाले, "परवा मी मागून खुंटीशी बोललो, तर तिनं चुलीला उत्तर दिलं नाही. ऐकलंच नाही तिनं, मास्तर." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

संक्रांतीचं हळदीकुंकू दुपारी होतं. पुरुषांना अर्थातच बाहेर काढलं होतं. तात्या आणि मी समोरच्या ओट्यावर बसलो. तात्यांनी हाताला चाळा म्हणून एक गळपट्टा विणायला घेतला होता. आतून बायकांचा कलकलाट ऐकू येत होता. आमच्या कुटुंबानं पहिली टोपी स्वतः घातली, मग एकेकीला हळदीकुंकू लावून, तिळगूळ देऊन, ओटीत टोपी घातली आणि लगेच घालून दाखवायला लावली. खिडकीतून मला हिरवी डोकी दिसत होती, प्रत्येकीचा अंबाडा मागून डोकावत होता. अकरा झाल्या. काकूंची पाळी शेवटी ठेवली होती. एकदम आतलं बोलणं थांबलं. बोळातल्या सगळ्या बायका एकाच शब्दाची वाट बघत होत्या.

काकूंनी टोपी हातात घेऊन उलटीसुलटी केली. टाके बघितले. ते कुणाच्या हातचे आहेत हे त्यांना कळायचं राहणार होतं थोडंच? मग त्यांनी विचारलं, "रंग कुणी सांगितला?"

आमचं कुटुंब म्हणालं, "सवाष्णीचा आहे. सांगायचं काय त्यात?"

काकूंनी टोपी घातली. अंबाडा भोकातून बाहेर काढला आणि हनुवटीखाली बंद बांधला. मी वळून तात्यांना ते सांगायला गेलो, तर त्यांचा गळपट्टा ओट्यावरून खाली उतरून रस्त्याला लागला होता. थांबायचं कुठं हे ते विसरून गेले होते. पुढं तो गळपट्टा आम्ही वैद्यबुवांना दिला. ते तो तीन वेढे देऊन घालत.

आता खरं म्हणजे गोष्ट इथं संपायला हवी. कानाचा ठणका हळूहळू थांबला. पौष गेला, माघ गेला, थंडी पळाली. बाकीच्या बायकांनी टोप्या धुऊन ट्रंकांत टाकल्या. काकूंनी मात्र काढली नाही. होळी झाली, उन्हं कडक झाली, तरी काकू दिवेलागणीला टोपी घालून, बंद घट्ट बांधून स्वयंपाकाला बसत. आणि भिंतीपलीकडून एक नवीन आवाज यायला लागला. तात्या बोलत होते.

खुंटीशी नव्हे. काकूंशी. तात्यांना वाटलं होतं, की आधीच तो दुखरा कान, त्यावर ही जाड टोपी, हिला काही ऐकू येत नसणार. आणि ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांची जीभ सुटली. आम्ही ऐकू नये असं ठरवत होतो, पण भिंत पातळ होती. नाक्यावर आज हत्ती आला होता, त्याला जकात लावायची का यावर साहेबांशी हुज्जत झाली, तू असतीस तर हसली असतीस. असं "तू" म्हणून. मग दुसऱ्या दिवशी, तुझ्या हातची शेंगाची चटणी मी कधी चांगली म्हटलं नाही, आईला वाईट वाटेल म्हणून. आणि एकदा, "ती तांबडी टोपी. माझ्या मनात काही नव्हतं गं, जानकी. मला रंग समजला नाही." पंचवीस वर्षांत त्यांनी हे नाव घेतलं नसावं, निदान मी तरी कधी ऐकलं नव्हतं, आणि आमच्या कुटुंबानं तर माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगीच वर्तमानपत्र उघडलं.

मला काकूंची फार कीव आली. इतकं चांगलं बोलणं, आणि जिच्यासाठी ते, तिला त्यातलं अक्षर ऐकू येऊ नये. चैत्रात त्या आमच्याकडे पन्हं प्यायला आल्या होत्या, टोपी डोक्यावर, कपाळावरून घामाच्या धारा. आपण जोरात बोललो तर बाहेर ऐकू जाईल म्हणून मी बायकोलाच हळू आवाजात म्हटलं, "ह्यांना सांग गं, आता टोपी काढायला हवी. तात्या काय काय बोलतात ते कळेल तरी."

काकू पन्ह्याचा पेला खाली ठेवून म्हणाल्या, "कळतंय की, मास्तर."

काकू शांतपणे सांगत होत्या. ऐकू सगळं येत होतं. डॉक्टरांनी एकट्या त्यांनाच सांगितलं होतं, कान वाचला म्हणून. आणि टोपीचं काय, लोकरीतून का कुठं आवाज अडतो? पहिल्या संध्याकाळी तात्या बोलायला लागले तेव्हा त्या वळून उत्तर देणारच होत्या. मग त्यांच्या ध्यानात आलं, की हे बोलतायत कारण ह्यांना वाटतंय मला ऐकू येत नाही. उत्तर दिलं, की पुन्हा खुंटी. म्हणून त्या भाकऱ्या थापत राहिल्या आणि टोपी काढायचीच नाही असं त्यांनी ठरवलं.

"पंचवीस वर्षांनी बोलायला लागलेत," काकू म्हणाल्या. "घाम काय, पुसता येतो. तुम्ही सांगू नका त्यांना."

मी शब्द दिला. जन्मात इतके निरोप इकडून तिकडे केले, हा एक मात्र मी पोटात ठेवला. पण त्यानंतर भिंतीपलीकडचं बोलणं ऐकताना मला पहिल्यासारखी मजा वाटेना. त्या बोलण्याला उत्तर नव्हतं. एक बाई सगळं ऐकत होती आणि ऐकलं असं दाखवू शकत नव्हती. तात्यांना वाटत होतं, की आपण एकटे बोलतो आहोत. मला ते दोन्हीकडून सोसवेना.

वैशाख लागला. एका संध्याकाळी आम्ही दोघं जेवत होतो. उकाडा असा होता, की अन्न गिळवत नव्हतं. पलीकडे तात्यांचं रोजचं चाललं होतं. नाका, गाड्या, मल्लय्यांचा मुलगा. मग त्यांचा आवाज खाली आला. ते म्हणाले, "आईपुढं बोलायचं नाही म्हणून बोललो नाही. आई गेली तरी बोललो नाही. तुला काय वाटलं असेल, जानकी, ते मी कधी विचारलंच नाही."

पलीकडे भाकरी थापायचा आवाज थांबला.

मग काकूंचा आवाज आला, हळू आणि अगदी स्वच्छ. "विचारा की आता."

आमच्या कुटुंबानं माझा हात धरला. दोघंही अर्ध्या जेवणावरून उठलो, हात धुतले, आवाज न करता दार लोटलं आणि बाहेर ओट्यावर येऊन बसलो. बोळात वारं नव्हतं. तिनं पदर डोळ्यांना लावला होता, आणि माझंही तसंच झालं होतं हे कबूल करायला आता हरकत नाही. आत त्यांचं बोलणं चालू झालं होतं, एकदा तात्यांचा आवाज, एकदा काकूंचा. शब्द कळत नव्हते. आम्ही दिवे लागून बराच वेळ झाला तरी तिथंच बसून राहिलो.